गाव कोणाच्या पोटी? – संकेतस्थळावरील श्रेणीबद्ध नोंदींची मांडणी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना भीमेने वेगळे केले आहे आणि जोडलेही आहे. आमच्या निवासी शाळेत आजवर आलेली बहुतेक मुले याच दोन तालुक्यांतील. त्यांच्या गावांची नोंद, म्हणजे गावाचा इतिहास, तेथील विहार, वस्तीची जुनी छायाचित्रे, तेथून शिकून गेलेले विद्यार्थी, हे सारे शाळेच्या संकेतस्थळावर नीट मांडावे, अशी अपेक्षा माजी विद्यार्थी व्यक्त करीत असतात. हे काम तांत्रिक आहे म्हणून संगणकाच्या जाणकारावर सोपवून मोकळे व्हावे, असे आम्हांस वाटत नाही. कोणती नोंद कोणाखाली ठेवायची आणि वाचकाला काय दिसायचे, हा प्रश्न इतिहासलेखनाचाही आहे. म्हणून त्याची रीत येथे सविस्तर मांडत आहोत.

२००३ साली अवतरलेली वर्डप्रेस ही विनामूल्य प्रणाली पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. तिच्यात मुळातच दोन प्रकारचा मजकूर ठेवता येतो. ‘पोस्ट’ म्हणजे तारखेनुसार येणारे लेख आणि ‘पेज’ म्हणजे एकाच्या पोटात दुसरे ठेवता येईल अशी पाने. २०१० च्या ३.० या आवृत्तीपासून आपल्या गरजेचा तिसरा, चौथा प्रकार निर्माण करणे सुकर झाले. आम्ही त्याला ‘गावनोंद’ म्हणू. ‘रजिस्टर पोस्ट टाइप’ या फंक्शनने हा प्रकार जाहीर करताना ‘हायरार्किकल’ या कलमापुढे होकार लिहावा लागतो. त्याबरोबर ‘पेज अ‍ॅट्रिब्यूट्स’ची सोयही मागावी लागते, नाहीतर नोंद भरताना पालक निवडण्याची चौकटच दिसत नाही. शेवटी पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा ‘सेव्ह’ करावे. एवढे राहिले तर सर्व काही बरोबर असूनही पान सापडत नसल्याचा संदेश येतो.

‘हायरार्किकल’ला मराठीत ‘श्रेणीबद्ध’ म्हणतात. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्यामुळे हा शब्द आपल्या कानाला टोचतो. येथे मात्र श्रेणी मानाची नाही, केवळ पत्त्याची आहे. माहितीच्या कोठारात सर्व नोंदी एकाच तक्त्यात, सारख्याच ओळींनी ठेवलेल्या असतात. प्रत्येक ओळीला आपला क्रमांक असतो आणि ‘पोस्ट पॅरेंट’ या रकान्यात पालक नोंदीचा क्रमांक असतो. पालक नसेल तर तेथे ० असतो. वृक्ष असा कोठेच साठवलेला नसतो. तो प्रत्येक वेळी विचारून उभा करावा लागतो.

विचारण्याच्या या कृतीला ‘क्वेरी’ म्हणतात. वर्डप्रेसमध्ये ‘डब्ल्यूपी क्वेरी’ला चार गोष्टी सांगाव्यात: प्रकार गावनोंद, पालक ०, संख्या उणे १, आणि क्रम आधी ‘मेन्यू ऑर्डर’ने, मग शीर्षकाने. पालक ० असे सांगितले नाही तर जिल्हा, तालुका, गाव सारे एका रांगेत मिसळून येते. उणे १ म्हणजे ‘जेवढ्या असतील तेवढ्या’. ते लिहिले नाही तर सेटिंगमध्ये ठरलेली संख्या लागू होते आणि ती मूळची १० असते. ‘गेट पोस्ट्स’ हे फंक्शन वापरले तर ५ च नोंदी येतात. चाळीस गावांची माहिती भरावी आणि पडद्यावर दहाच दिसावीत, यात यंत्राचा दोष नसतो. मात्र अकराव्या गावचा माणूस आपले गाव वगळले असेच समजतो, आणि त्याचे तसे समजणे अनुभवाला धरूनच असते. क्रमाबद्दलही एक सांगावेसे वाटते. कोणी मुद्दाम क्रमांक दिले नाहीत तर सर्व नोंदींचा मेन्यू ऑर्डर ० असतो आणि वर्णानुक्रम आपोआप लागू होतो. आमच्या मते गावांच्या बाबतीत तोच ठेवावा. त्यात कोणाचा वशिला चालत नाही.

पहिल्या क्वेरीने पुणे जिल्हा हाती आला की त्याचा क्रमांक पालक म्हणून देऊन पुन्हा तीच क्वेरी करायची. मग शिरूर आणि दौंड येतात. शिरूरचा क्रमांक दिला की कोरेगाव भीमा, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर येतात. दौंडचा दिला की केडगाव, पाटस, यवत. प्रत्येक पातळीसाठी वेगळा कोड लिहू नये. स्वतःलाच पुन्हा हाक मारणारे एक फंक्शन लिहावे. त्याने पालकाचा क्रमांक घ्यावा, लेकरे शोधावीत, प्रत्येकाचे नाव छापावे आणि त्या लेकराचा क्रमांक घेऊन पुन्हा स्वतःलाच बोलवावे. लेकरे नसतील तर मुकाट्याने परत यावे. ही शेवटची अट विसरू नये. मात्र या फंक्शनच्या आत वर्डप्रेसचा नेहमीचा ‘लूप’ एकात एक घालणे टाळावे. चालू नोंद धरून ठेवणारी जागा साऱ्या प्रणालीत एकच असते. एकाच फळ्यावर दोन वर्ग भरवले तर आधीचे गणित पुसले जाते, तसेच येथे होते. नोंदींची यादी घेऊन ती आपल्या स्वतंत्र चलात ठेवावी आणि तेथूनच छापावी.

या रीतीचा एक खर्च आहे. एक जिल्हा, दोन तालुके आणि प्रत्येकी ५० गावे धरली तर प्रत्येक नोंदीला ‘तुझ्या पोटी कोण?’ असे विचारत जाताना १०४ क्वेरी होतात. त्याऐवजी सर्व नोंदी एकदाच मागवून त्यांचे पालकांच्या क्रमांकानुसार पीएचपीतच गठ्ठे बांधले, तर एकाच क्वेरीत काम भागते. गावागावांत मोबाइलवर पान उघडणाऱ्या पालकांचा विचार करता आम्ही दुसरी रीत पसंत करतो. केवळ नावांची साधी यादी हवी असेल तर ‘डब्ल्यूपी लिस्ट पेजेस’ हे तयार फंक्शन पुरते. त्याला नोंदप्रकाराचे नाव सांगितले की झाले.

श्रेणीबद्ध प्रकार निवडण्याचे खरे कारण नावांत आहे. शिरूर हे नाव एकट्या पुणे जिल्ह्याचे नाही. बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. केडगाव दौंड तालुक्यात आहे, जेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले. आणि दुसरे केडगाव अहिल्यानगर शहरालगत आहे. सपाट नोंदप्रकारात दुसऱ्या केडगावच्या पत्त्याला आपोआप २ चे शेपूट लागते. श्रेणीबद्ध प्रकारात दोन वेगळ्या पालकांखाली एकच नाव सुखाने नांदते, कारण पत्त्यात जिल्हा आणि तालुका आधी येतात. देवनागरी पत्त्यांची मात्र एक अडचण आहे. प्रत्येक व्यंजन, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी पत्त्यात साठवताना नऊ चिन्हांची होते आणि त्या रकान्यात २०० चिन्हेच मावतात. म्हणजे जेमतेम २२ अक्षरचिन्हे. ‘कोरेगाव भीमा’ सहज बसते; ‘पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्ती मिशन’ असे शीर्षक मध्येच तुटते. अशा वेळी पत्त्याचा लघुशब्द हाताने लिहावा.

आता सर्वांत कठीण भागाकडे येऊ. १ जानेवारी १८१८ ची लढाई कोरेगाव भीमाच्या नावाने ओळखली जाते आणि कोरेगाव शिरूर तालुक्यात आहे. पण १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या स्तंभाला मानवंदना दिली, तो नदीपलीकडे पेरणे येथे, म्हणजे हवेली तालुक्यात उभा आहे. स्तंभाची नोंद कोणाच्या पोटी ठेवावी? वर्डप्रेसमध्ये एका नोंदीला एकच पालक असतो. कोरेगावखाली ठेवली तर जागा चुकते, पेरण्याखाली ठेवली तर कोरेगावच्या पानावर स्तंभ दिसत नाही, आणि दोन्हीकडे दोन नोंदी केल्या तर काही दिवसांत त्यांतील मजकूर एकमेकांशी जुळेनासा होतो. आमचे मत स्पष्ट आहे: पालक जमिनीप्रमाणे ठरवावा, म्हणजे पेरणे. इतिहासाचे नाते सांगण्यासाठी स्वतंत्र ‘टॅक्सॉनॉमी’ करावी. तिला आम्ही ‘प्रसंग’ असे नाव देऊ. प्रसंग एका नोंदीला कितीही लावता येतात. कोरेगावच्या पानावर मग दोन क्वेरी चालतील. एक कोरेगावच्या पोटातील नोंदी आणील, दुसरी ‘१८१८ ची लढाई’ हा प्रसंग लावलेल्या साऱ्या नोंदी आणील, मग त्या कोणत्याही तालुक्यातील असोत.

काळाचाही असाच पेच आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये दौंड भीमथडी तालुक्यात आहे. आज दौंड स्वतःच तालुका आहे. जुनी रचना दाखवायची म्हणून कोणी पालक बदलू नये. ‘तत्कालीन तालुका’ असे वेगळे क्षेत्र जोडून त्यात भीमथडी लिहावे.

पालकाच्या नोंदीला हात लावताना तिच्या लेकरांचे काय होईल हे आधी पाहावे. तालुक्याची नोंद मसुद्यात किंवा कचरापेटीत गेली, तर तिची गावे प्रकाशित असूनही वृक्षात दिसत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वाटच तुटलेली असते. नोंद कायमची पुसली तर गावे एक पायरी वर सरकून थेट जिल्ह्याला चिकटतात. म्हणून दर महिन्याला प्रकाशित नोंदींची एकूण संख्या आणि पानावर दिसणाऱ्या नावांची संख्या ताडून पाहावी. हजेरीपट तपासणाऱ्या शिक्षकाला हे नवे नाही.

पालक बदलला की त्याखालील प्रत्येक नोंदीचा पत्ताही बदलतो. साध्या पोस्टचा लघुशब्द बदलल्यास वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून वाचकाला नव्यावर नेते. श्रेणीबद्ध नोंदींना ती सोय नाही. कागदावर छापलेला पत्ता तर दुरुस्तही करता येत नाही. म्हणून स्मरणिकेत किंवा गावच्या फलकावर क्यूआर कोड छापायचा झाल्यास तो जिल्हा-तालुक्याच्या लांब पत्त्याचा नसावा. नोंदीच्या क्रमांकावर चालणाऱ्या छोट्या पत्त्याचा असावा. तो क्रमांक नोंद असेपर्यंत बदलत नाही.