काउंटर सांभाळून ‘जेएआयआयबी’

भिलाई पोलाद कारखान्याच्या सान्निध्यातील रिसालीत दिवस पाळ्यांनी मोजला जातो. बँक कर्मचाऱ्याची पाळी एकच. ‘जेएआयआयबी’चा अभ्यास तिच्या अलीकडे वा पलीकडे बसवावा लागतो.

ही परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते. 2023 पासूनच्या अभ्यासक्रमात चार पेपर असून प्रत्येकी 100 पैकी 50 गुणांची अपेक्षा आहे. तथापि, एकाच प्रयत्नात प्रत्येक पेपरात किमान 45 व एकूण 50 टक्के मिळविणाराही उत्तीर्ण ठरतो. लेखाशास्त्राच्या धास्तीने तो पेपर पुढे ढकलणारा उमेदवार ही सवलत हकनाक गमावतो.

बँकिंगची तत्त्वे काउंटरवरच भेटतात. एखाद्या निवृत्त कामगाराच्या खात्यास नामनिर्देशन नसते, कुणाचा धनादेश तीन महिन्यांहून जुना असतो. 2012 पासून तो का वटत नाही, हे ग्राहकास समजावताना नियम आपोआप पक्का होतो. ग्राहकही रिकाम्या हाताने परतला तरी अडाणी राहत नाही. ताळेबंदाचे गणित मात्र काउंटर शिकवीत नाही. त्यास सकाळचा ताजा तास द्यावा आणि वाचनाचे पेपर रात्रीसाठी ठेवावेत. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.