टाळेबंदींतील शोकाचें घर



ज्या घरांतून लेंकरूं गेलें त्या घरीं कसें जावें व गेल्यावर काय करावें, हा प्रश्न खेड्यांत काम करणाऱ्या उपदेशकास वर्षांतून अनेकदां पडतो. आज त्याचा एकच भाग विचारासाठीं घेऊं. सन 2020 व 2021 च्या महामारींत, टाळेबंदी चालू असतां, ज्या आईबापांनीं लेंकरूं गमावलें त्यांच्या घरांत दिवस कसा उगवत होता व कसा मावळत होता, आणि त्यांचें कोणतें देणें आपणांकडे अद्याप राहिलें आहे, हें पाहावयाचें आहे. लेंकरूं म्हणतांना पाळण्यांतलेंच समजूं नये. पस्तीस वर्षांचा मिळवता मुलगा गेला तरी साठीच्या आईस तें लेंकरूंच. आणि मरण कोरोनानेंच आलें असेल असेंही नाहीं. कोणी तापानें जातें, कोणी विहिरींत पडून, कोणी सर्पदंशानें. त्या महिन्यांत दार मात्र सर्वांचें सारखेंच बंद होतें.

25 मार्च 2020 पासून सर्व देश बंद झाला. 15 एप्रिलच्या केंद्र सरकारच्या आदेशांत अंत्यविधीस 20 हून अधिक माणसें नसावीं असें ठरलें, आणि पुढील वर्षीं 14 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून आपल्या राज्यांत पुन्हां कडक निर्बंध आले तेव्हांही आंकडा 20 चाच होता. ज्यानें बीड जिल्ह्यांतील एखादी माती पाहिली आहे त्यास 20 म्हणजे किती हें सांगावयास नको. नुसती भावकीच तेवढ्यांत मावत नाहीं.

आपल्याकडील रीत शोकाच्या घरासाठीं काय करते, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. मातीच्या दिवशीं त्या घरची चूल पेटत नाहीं. शेजारीं भाकरी होते, पिठलें होतें, आणि कडू घास म्हणून दुसरें कोणी तरी तो आईच्या तोंडांत घालतें. तिला भूक आहे कीं नाहीं हें विचारीत कोणी बसत नाहीं. पुढें दहा-बारा दिवस माणसें येत राहतात. नवी बाई उंबऱ्यांत आली कीं आई तिच्या गळ्यांत पडून रडते व सर्व हकीकत पहिल्यापासून सांगते: अंग केव्हां तापलें, गाडी कोणाची मिळाली, शेवटीं तो काय बोलला. शिकलेल्या लोकांस हें पुनःपुन्हां सांगणें व्यर्थ वाटतें. माझें मत तसें नाहीं. वीस वेळां सांगून झाल्यावर ती गोष्ट आईच्या स्वतःच्या कानास खरी वाटूं लागते. शेवटीं सोयरे दुखवटा घेऊन येतात आणि घर पुन्हां कामास लागतें.

ह्या सर्वांच्या आड सहा फुटांचें अंतर आलें. तो नियम दुष्टपणाचा होता असें कोणीं समजूं नये; साथ श्वासावाटे पसरत होती, आणि गळ्यांत गळा घालणें हाच तिचा जवळचा रस्ता होता. परंतु नियम योग्य असला तरी त्याची किंमत कोणास तरी भरावी लागते, व ती ह्या घरांनीं भरली.

ज्यांचें माणूस रुग्णालयांत गेलें त्यांस तर तोंडही पाहावयास मिळेना. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च 2020 च्या सूचनांत पिशवी तोंडापुरती उघडून नातलगांस शेवटचें पाहूं देण्याची मुभा होती. आंघोळ घालणें, कवटाळणें, मुका घेणें एवढें मना होतें. तथापि ही मुभा सर्वांच्या वांट्यास आली नाहीं. एप्रिल 2021 च्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांतून 22 मृतदेह एकाच रुग्णवाहिकेंतून स्मशानांत नेल्याची बातमी देशभर पसरली. रुग्णवाहिका पुरेशा नाहींत, असें कारण सांगण्यांत आलें. ज्या बापानें आपला मुलगा गाडींत बसतांना पाहिला आणि त्यानंतर एक कपड्यांचें गांठोडें व एक फोन एवढेंच हातीं घेतलें, त्याचें मन दाराकडे लागून राहिल्यास नवल काय?

आपल्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट आहे. येथील कोयते दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांकडे जातात; पुष्कळांचीं मुलें गांवीं आजा-आजीजवळ राहतात. देश बंद झाला तेव्हां हे लोक फडांत होते. राज्यांतील 38 कारखान्यांवर 1 लाख 31 हजार 500 ऊंसतोड कामगार अडकले असल्याचें सांगून सरकारनें 17 एप्रिल 2020 रोजीं त्यांस घरीं जाऊं दिलें. त्या आधींच्या तीन आठवड्यांत गांवीं मूल दगावलें असेल तर आईबापांनीं तें फोनवर ऐकावें, आणि कोपींत बसून रडावें. परत आल्यावरही गांवाबाहेर शेतांत किंवा शाळेंत राहावें, ठरलेले दिवस मोजावे, आणि मग त्या घरीं जावें कीं जेथें रडणाऱ्यांचें रडणें संपून गेलें आहे.

आतां घराच्या आंत पाहूं. आई पहाटे उठते, काटवटींत पीठ घेते. तिचा हात मोजीत नाहीं. त्यास संवय असते. पांच माणसांचें पीठ निघतें आणि शेवटची भाकरी टोपल्यांत तशीच राहते. इतर वर्षीं ती खुरपणीस गेली असती, विहिरीवर चार बायका भेटल्या असत्या, कोणीं तरी तिचें नांव घेऊन हांक मारली असती. टाळेबंदींत ओटे ओस होते. दुपार म्हणजे चार भिंती, खुंटीवरचा सदरा, आणि शेजारच्या घरांतून ऐकूं येणारा दूरदर्शनचा आवाज; त्या वसंतांत जुनें रामायण पुन्हां दाखवीत होते व सारा गांव तें पाहात होता. अशा घरांत वस्तु हलवावी तरी दुःख, न हलवावी तरी दुःख.

बापाचें थोडें निराळें. शेतीच्या कामास सरकारनें दोन-तीन दिवसांतच सूट दिली होती. ज्यास दोन एकर कां होईना जमीन होती तो नांगराच्या मागें जाऊन एकटा रडूं शकला. बीड, परळी येथें एका खोलींत राहणाऱ्या हमालास वा गवंड्यास ती सोय नव्हती. एका खोलींत नवरा, बायको आणि तें मरण, असे तिघे महिनेच्या महिने राहिले.

येथें आपल्या ओळखीच्या दोन बापांची आठवण करावी. याकोबानें आपल्या मुलाचें शरीर पाहिलें नव्हतें. रक्तांत भिजलेला अंगरखा तेवढा त्याच्या हातीं आला, आणि मुलाबाळांनीं समजूत घातली तरी तो समजेना. दावीद मूल आजारी असतां सात दिवस जमिनीवर पडून राहिला, अन्नास शिवला नाहीं. तें गेल्यावर मात्र उठला, आंघोळ केली व जेवला, तेव्हां चाकरांस त्याचें नवल वाटलें. शास्त्र ह्या दोघांपैकीं कोणासही कठोर म्हणत नाहीं व कोणासही दुबळा म्हणत नाहीं. पण पुष्कळ घरांत एक जण याकोब असतो व दुसरा दावीद. जेवणारास न जेवणारा म्हणतो, तुला काळीज नाहीं. न जेवणारास जेवणारा म्हणतो, तूं जिवंत मुलांचे हाल करतेस. बाहेर जातां येत असतें तर हा बोल वाऱ्यावर गेला असता. बंद खोलींत तो दोघांत भिंत होऊन बसला, आणि कांहीं घरीं ती भिंत अजून आहे. उपदेशकानें अशा घरीं प्रथम एवढेंच सांगावें कीं, तुम्ही दोघेही रडत आहां.

भाषेंतील एक उणीव ह्या ठिकाणीं लक्षांत येते. अनाथ, विधवा, विधुर हे शब्द आहेत. लेंकरूं गेलेल्या आईबापांस नांव नाहीं. पुत्रशोक हा शब्द शोकाचें नांव आहे, माणसाचें नव्हे. सरकारी कागदांतही असेंच झालें. कोरोनानें दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नांवें राज्यानें 5 लाखांची ठेव ठेविली, विधवांसाठीं मिशन वात्सल्य काढिलें, आणि मृताच्या जवळच्या वारसास 50 हजार रुपये देण्याचें ठरलें. विवाहित मुलगा गेला तर पैसा सुनेकडे जाणें रास्तच होय. परंतु म्हाताऱ्यांस पैशापेक्षां हें लागतें कीं, अर्जांत आपलें नांव विचारलेंच नाहीं. सासू-सून ह्यांच्यांतील कित्येक भांडणांचें मूळ येथें असतें, आणि आपण तें पैशाचें भांडण समजून चुकीचा उपाय करतों.

आतां कोणी म्हणेल, इतक्या वर्षांनीं जाऊन जखम कां उकलावी? ती जखम मिटली आहे असें धरून चालणारे लोक बहुधा त्या घरीं गेलेले नसतात. जावें, आणि मुलाचें नांव घ्यावें. आपल्यांत मेलेल्याचें नांव टाळण्याची जी वाईट खोड आहे ती सोडून, तें कसें झालें हें पहिल्यापासून सांगावयास सांगावें. जी हकीकत तेव्हां वीस बायकांनीं ऐकावयाची होती ती आपण एकट्यानें ऐकावी. देवास आवडला, दुसरीं मुलें आहेत ना, असें बोलूं नये. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें जमिनीवर बसले तोंवर बरे होते. तोंड उघडल्यावर बिघडलें. जातांना हात रिकामे नसावे. चार भाकरी न्याव्या व तेथेंच बसून खाव्या.

शोक हा रोग नव्हे. तरी महिन्यामागून महिने जाऊनही एखादी आई अन्न घेत नाहीं, झोंपत नाहीं, कामास हात लावीत नाहीं, किंवा मीही त्याच्याकडे जातें असें बोलते, तर तें बोलणें हलकें घेऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022 पासून अमलांत आलेल्या, रोगांच्या यादींत सहा महिन्यांहून अधिक काळ माणसास असा खिळवून ठेवणाऱ्या शोकास निराळें नांव दिलें आहे, व त्यावर उपचार आहेत. ऑक्टोबर 2022 पासून 14416 ह्या क्रमांकावर टेली मानस ही सरकारी सेवा चालते. बोलावयास पैसा पडत नाहीं, मराठींत बोलतां येतें. मंडळींतील एखाद्या तरुणानें तो क्रमांक लावून फोन आईच्या हातीं द्यावा.

ह्याच तरुणांकडे आणखी एक काम सोंपवावें. कित्येक घरीं गेलेल्या मुलाचा फोन पेटींत लुगड्याखालीं ठेविलेला असतो. बॅटरी फुगून तो निकामी होण्याच्या आधीं त्यांतलीं छायाचित्रें आणि बोललेले संदेश दुसरीकडे उतरवून घ्यावे. आवाज आधीं, कारण छायाचित्र बहुधा दुसऱ्या कोणाजवळ तरी असतें. पैसे न भरलेला क्रमांक कंपनी कांहीं काळानें बंद करते व दुसऱ्यास देते, हेंही आईस सांगून ठेवावें. नाहीं तर एखाद्या सणाच्या दिवशीं ती तो लावील, आणि पलीकडून कोणी परका मुलगा बोलेल.