पॉझिटिव्ह फीडबॅक आणि रोमानियाची निवडणूक

कंट्रोल सिस्टिम्समध्ये ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ आला की मला रोमानिया आठवतो. मित्रांनो, हसू नका!

२४ नोव्हेंबर २०२४ ला तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. कॅलिन जॉर्जेस्कू हे अपक्ष उमेदवार, प्रचाराचा खर्च शून्य दाखवलेला. मतचाचण्यांत मागे होते, तरी जवळजवळ २३ टक्के मते घेऊन पहिले आले! त्यांचा प्रचार मुख्यतः टिकटॉकवर (आपल्याकडे ते २०२० पासून बंद आहे).

अशा ॲपचे गणित सोपे. व्हिडिओ आधी थोड्यांना दाखवायचा. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, लाइक केला, की आणखी लोकांना दाखवायचा. म्हणजे आउटपुट पुन्हा इनपुटला! आता पहिले लाइक खोट्या खात्यांचे असतील तर? मशीनला काय कळणार... पुढे खरी माणसे आपोआप येतात. रोमानियाच्या गुप्तचर यंत्रणांच्या मते, मतदानाआधीच्या दोन आठवड्यांत सुमारे २५,००० खाती एकदम जागी झाली होती.

६ डिसेंबरला तिथल्या घटना न्यायालयाने अख्खी निवडणूकच रद्द केली. परदेशातल्या रोमानियन लोकांचे दुसऱ्या फेरीचे मतदान तेव्हा सुरूसुद्धा झाले होते! मे २०२५ मध्ये फेरनिवडणुकीत निकुशोर दान निवडून आले.

मला खटकते ते वेगळेच. जॉर्जेस्कूंना मत देणारे वीस लाखांहून जास्त लोक काही खोटी खाती नव्हती. नॉइजबरोबर त्यांचा सिग्नलही गेला. फिल्टर मतपेटीनंतर बसवला की असेच होणार; तो त्या दोन आठवड्यांतच, ॲपमध्ये बसायला हवा होता.