पहिला अर्धा तास गावाचाच

ग्रामसेवक म्हणून माझी बरीच नोकरी नगर-मनमाड रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांत झाली. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघालेले पेट्रोल-डिझेलचे टँकर कोपरगाव, राहाता, राहुरी करत, खड्डे चुकवत नगरकडे येतात. शिवाय साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, दूध थंड करणारा अमोनिया, पाणीयोजनेतले क्लोरीनचे सिलिंडर. केमिकल म्हटलं की आपल्याला डोंबिवली आठवते. आपल्या शिवारात काय काय आहे, ते मोजायला कोणी बसत नाही. त्यातलं काही गळलं, पेटलं, तर बंब येईपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो; त्यासाठी या पाच गोष्टी.

१. सरपंच कमिटीत असतो, पण त्याला ते माहीत नसतं.

भोपाळनंतर केंद्राने १९८९ मध्ये नियम केले. कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्ह्याच्या पातळीवर तयार ठेवायचा आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम घ्यायची. १९९६ च्या नियमांनी त्याखाली स्थानिक गट आणले. अध्यक्ष प्रांत; सोबत फॅक्टरी इन्स्पेक्टर, फौजदार, बीडीओ, डॉक्टर, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक आणि लगतच्या गावचा सरपंच. मी सरपंचांपाशी हा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "भाऊसाहेब, ही कोणती नवी कमिटी?" नवी कसली, पंचविशी उलटलेली. प्रांत कचेरीत लेखी अर्ज देऊन आपल्या भागात असा गट आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारावं. माणूस समोर उभा राहिला की फाइल कपाटातून निघते.

२. ओढ्याकडे पळू नये.

संकट आलं की माणसं सवयीने ओढ्याकडे, विहिरीकडे धावतात. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, स्वयंपाकाचा गॅसही जडच. दोन्ही सखल जागी साचतात. गळीत हंगामातल्या थंडगार, पडलेल्या हवेच्या पहाटे तर जास्तच. वारा कुठून येतोय ते कारखान्याच्या चिमणीच्या धुरावरून किंवा उसाच्या तुऱ्यावरून बघावं, वाऱ्याला आडवं निघावं आणि उंच माळ गाठावा. कोणत्या वाऱ्याला कोणता माळ, हे ग्रामसभेत आधीच ठरवता येतं. त्याला निधी लागत नाही.

३. टँकर उलटला की कॅन घेऊन माणसं येतात.

फुकटचं डिझेल! उपदेशाने ही गर्दी हटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरणारी तरुण मंडळाची पोरं रस्त्याच्या दोन्ही टोकांना, लांब उभी केली तर हटते. विडी नाही, गाडीला किक नाही, गळतीजवळ मोबाइल नाही.

४. चार आकडे लांबून वाचावेत.

टँकरवरच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो. पेट्रोल १२०३, इथेनॉल ११७०, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७. ११२ ला फोन करताना "टँकर पलटी झालाय" एवढ्यावर न थांबता हा नंबर सांगावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवगाव तालुक्यातल्या गंगामाई कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला आग लागली, तेव्हा सगळ्या जिल्ह्याने या द्रव्याचा भडका पाहिला. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पेट्रोलच्या आगीवरचा साधा फोम त्यावर टिकत नाही. अल्कोहोलसाठीचा वेगळा फोम लागतो. बंब निघण्याआधी हे कळलं तर उपयोग.

५. यादीबाहेरची माणसं सगळ्यात जवळ राहतात.

ग्रामसुरक्षा यंत्रणा आपल्याकडे बऱ्याच गावांत आहे. एका नंबरवर बोललं की तोच आवाज नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर जातो. चोर आणि बिबट्यासाठी तिचा उत्तम उपयोग होतो. गॅससाठी निरोप मात्र नेमका हवा. नुसतं "पळा पळा" म्हणून चालत नाही. कोणत्या वस्तीने कुठे जायचं ते सांगावं.

पण कारखान्याच्या भिंतीला लागून ज्यांच्या कोप्या असतात, त्या बीडच्या आणि आपल्याच पाथर्डीच्या ऊसतोडणी टोळ्या यात कुठेच नसतात. मोबाइल हातात असतो, पण नंबर नोंदला असलाच तर त्यांच्या गावी. मतदारयादीत नाहीत, रेशनच्या यादीत नाहीत, म्हणून आमच्या आराखड्यातही नाहीत. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुकादमाचा नंबर घेऊन यंत्रणेत नोंदवावा. त्याच वेळी बैलांचंही बोलून घ्यावं, कारण उचल घेऊन आलेला माणूस बैल मागे टाकून पळत नाही. दावी कापून बैल मोकळे सोडायचे, हे मुकादमाच्या तोंडून आधीच सांगितलेलं असलं, तरच कोपी वेळेत रिकामी होते.