वळी दिसली म्हणजे गांडूळच का?

प्रश्न : नाणे मावळात आमची भातखाचरं आहेत. आवणीच्या दिवसांत शेणखताचा खड्डा उकरताना वीतभर लांबीचा, जांभळट करडा, बुळबुळीत प्राणी निघाला. आजोबा म्हणाले, साप आहे, मारा. पुतणी म्हणाली, अंगावर वळी आहेत, म्हणजे वलयी प्राणी, म्हणजे गांडूळ. पण त्याने तोंड उघडून मिटलेलं मी पाहिलं. खरं कोणाचं?
– एक वाचक, मावळ

उत्तर : खरं दोघांचंही नाही, आणि निकाल तुम्ही पाहिलेल्या त्या तोंडानेच लागतो. गांडुळाला जबडा नसतो. जबडा उघडून मिटणारा, वरून खवले न दिसणारा, बिनपायांचा आणि ओल्या कातडीचा प्राणी म्हणजे देवगांडूळ. तो बेडकाच्या नात्यातला, कणा असलेला उभयचर आहे. पुतणीने पाहिलेली खूण बरोबर होती, पण एकाच खुणेवर भागवलं की अशी गफलत होते. लिनियससारख्या जाणकारानेही 1758 साली देवगांडुळांना सापांच्या गटात बसवलं होतं. त्यामुळे आजोबांना दोष देऊ नका.

तुमच्या भागाचा तर या प्राण्याशी थेट संबंध आहे. 1960 साली एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने देवगांडुळाच्या एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते खंडाळ्याच्या नमुन्यावरून. तिचं शास्त्रीय नाव इंडोटिफ्लस बॅटर्सबाय. तुम्हाला दिसलेला प्राणी याच जातीचा होता का, हे वर्णनावरून सांगता येणार नाही. जात ठरवायला डोकं बारकाईने तपासावं लागतं.

आता खरं गांडूळ कसं ओळखायचं ते पाहू. हात ओला करून ते तळव्यावर घ्या. पोटाच्या बाजूने मागून पुढे अलगद बोट फिरवलं की किंचित खरखर लागते. ते त्याचे राठ, सूक्ष्म केस. मातीत पकड घ्यायला ते उपयोगी पडतात. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर तोंडाच्या बाजूला एक जाडसर, वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. अंड्यांचा कोष त्यातून तयार होतो. शिवाय त्याची वळी नुसती वरवरची नसतात, आत शरीराचेही पडद्यांनी कप्पे पडलेले असतात. देवगांडुळाची वळी म्हणजे कातडीवरच्या घड्या. त्यांच्या आत कवटी, मणके आणि बरगड्या. त्याचे डोळे बारीक आणि कातडीखाली झाकलेले असल्याने सहसा दिसतच नाहीत, पण डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवला स्पर्शक बाहेर येतो. कणा असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला असा अवयव नाही. मला तरी हा आपल्या मातीतला सर्वांत अद्भुत प्राणी वाटतो.

खड्ड्यात वाळाही निघू शकतो. तो खरोखरच साप आहे, पण बिनविषारी. अंग कोरडं, चकचकीत, बारीक खवल्यांचं असतं आणि जीभ लवलवते. गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा या तिघांपैकी कोणापासूनच माणसाला धोका नाही. तेव्हा कोणालाच मारायचं कारण नाही.

पुतणीला पावसाळ्यात बिनकण्याचे प्राणी ओळखायचे असतील, तर आधी पाय आहेत का ते पाहायला सांगा. पाय नसतील आणि दोन्ही टोकांना चिकटणारे चूषक असतील तर ती जळू. तीही वलयीच, गांडुळाची नातलग. मऊ अंग आणि सपाट पायावर सरकणं दिसलं की गोगलगाय, मग पाठीवर शंख असो वा नसो. सांधे असलेले पाय दिसले की संधिपाद, आणि तिथे मोजणी सुरू करायची. कीटकाला तीन जोड्या, कोळ्याला आणि विंचवाला चार, बांधावरच्या खेकड्याला नांग्या धरून पाच. पैसा आणि गोम यांच्यात मात्र एकूण पाय मोजत बसू नका, एकाच वळ्याकडे पाहा. शरीराच्या मधल्या वळ्याला पायांच्या दोन जोड्या असतील तर पैसा, एक असेल तर गोम. गोमेच्या पायांची पहिली जोडी विषारी नख्या झालेली असते, म्हणून तिला हात लावू नये. पैसा डिवचला की वेटोळं करतो आणि उग्र वासाचा द्राव सोडतो. तो हातावर लागला तर डोळे चोळू नका.

पुन्हा असा प्राणी निघाला तर उन्हात ठेवू नका. गांडूळ आणि देवगांडूळ दोघांचंही श्वसन ओल्या कातडीवर अवलंबून असतं आणि कातडी वाळली की ते मरतात. ओल्या मातीसकट घमेल्यात घ्या आणि तीन फोटो काढा : डोकं बाजूने, शेपटीचं टोक, आणि शेजारी पट्टी ठेवून पूर्ण अंग. मग जिथून निघाला तिथेच ओल्या मातीत सोडून द्या. फोटो आमच्याकडे पाठवा. डोकं नीट आलं असेल तर आणखी काही सांगता येईल.