रक्तांतील पांढऱ्या पेशी कां कमी होतात

पावसाळा सरतां सरतां खानदेशांत तापाचे दिवस येतात. कपाशीची वेंचणी तोंडाशीं आलेली असते आणि नेमका घरांतील कर्ता माणूस अंथरूण धरतो. रिपोर्टांत पांढऱ्या पेशी ३,००० दिसल्या कीं मंडळी घाबरतात व ताकदीचें इंजेक्शन देववितात. पेशी कशामुळें उतरल्या हें पाहिल्यावांचून केलेला असा खर्च बहुधा वायां जातो.

निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत साधारणपणें ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकीं न्यूट्रोफिल ही जात जंतूंशीं प्रथम झुंजते, म्हणून तिचा आंकडा निराळा पाहावा. तो १,५०० च्या खालीं गेल्यास कमी समजतात. ५०० च्या खालीं गेल्यास क्षुल्लक जंतुही जिवावर उठतो.

खळ्यावर धान्य कमी भरलें तर पीकच कमी आलें असावें, किंवा आलेलें वाटेंत गेलें असावें. पेशींचेंही तसेंच आहे. त्या हाडांतील मज्जेंत पिकतात. डेंगीसारख्या विषाणूच्या तापांत मज्जेचें काम कांहीं दिवस मंदावतें. ताप गेल्यावर आंकडा बहुधा आपोआप वर येतो. विषमज्वरांतही तो उतरतो. जुन्या हिवतापानें किंवा यकृताच्या रोगानें पाणथरी वाढली म्हणजे पेशी तींत अडकून पडतात.

आहाराचें कारण आमच्याकडे विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. डॉ. लूसी विल्स यांनीं मुंबईंत गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करून तो यीस्टच्या अर्कानें बरा होतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. त्याच्या किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावीं तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्याही घटतात. पालेभाजींत फॉलिक आम्ल मिळतें, परंतु कळण्याची भाकरी, भरीत व डाळ यांत ब-१२ नसतें. शाकाहारी घरास तें दूध-दह्यांतूनच मिळावयाचें. आणि दूध तर सगळें डेअरींत जाऊन घरीं चहापुरतें उरतें! ब-१२ कमी असतां केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेऊं नयेत; रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि चालूच राहते.

कांहीं औषधेंही पेशी घटवितात. थायरॉइडसाठीं कार्बिमाझोल घेणाऱ्याचा घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवून रक्त तपासावें. मेथोट्रेक्सेट व कर्करोगावरील औषधें यांविषयींही सावध असावें.

फवारणीच्या विषबाधेची गोष्ट मात्र निराळी. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधें मज्जातंतूंवर घाला घालतात. पांढऱ्या पेशींच्या आंकड्यावरून ती बाधा ठरत नाहीं. घाम, लाळ, उलटी, धाप दिसतांच रिपोर्टाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

ताप नसतां एकदां आंकडा थोडा कमी आला तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासावा. तो कमीच राहिला, तांबड्या पेशी व प्लेटलेटही उतरल्या, गांठी आल्या किंवा वजन घटूं लागलें, तर मज्जेची तपासणी लागूं शकते. न्यूट्रोफिल फार उतरलेले असून ताप १००.४ अंशांवर गेला तर रात्र काढूं नये. धुळें किंवा जळगांव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय जवळ करावें, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांचीं पाकिटें सोबत न्यावींत.