गोड्या पाण्याची टाकी खारी करायची असेल तर



प्रयोगशाळेतील काचेच्या टाकीत सध्या गोल्डफिश आहेत. त्यांच्या जागी समुद्राचे पाणी करून रंगीत क्लाउनफिश ठेवता येतील का, असे नववीच्या विद्यार्थ्यांनी आम्हाला विचारले आहे. टाकी बदलता येते, पण त्याच टाकीतला मासा बदलत नाही. हे का, ते आधी समजून घेऊ.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जाते. यालाच आपण परासरण म्हणतो. माशाच्या रक्तात समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश क्षार असतात. गोड्या पाण्यात बाहेरचे पाणी सतत अंगात शिरते, म्हणून तिथला मासा पाणी पीत नाही आणि भरपूर लघवी करतो. समुद्रातील माशाचे उलटे असते. त्याच्या अंगातले पाणी बाहेर जाते, म्हणून तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोल्डफिशला ही सोय नाही. समुद्राच्या पाण्यात तो पाण्यात असूनही सुकून मरेल. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा पुलस, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, दोन्ही पाण्यांत जगतो. पण त्याचे शरीर मुळातच त्यासाठी घडलेले आहे.

पाणी कसे करावे?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राच्या काठावरच उभे राहिले. आपले शहर किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. आपल्याला समुद्र घरीच कालवावा लागेल.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली टाकी १०० लिटरची आहे, म्हणजे साडेतीन किलो क्षार लागतील. स्वयंपाकाचे मीठ चालणार नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे योग्य प्रमाणात नसतात. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठच घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरचे पाणी जड असते, म्हणून आरओचे पाणी वापरावे. मीठ वेगळ्या बादलीत टाकून हवेच्या पंपाने एक दिवस ढवळावे. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ आणि सामू ८.१ ते ८.४ यांच्या दरम्यान आला की पाणी तयार झाले. टाकीतले जुने खडे काढून प्रवाळी वाळू घालावी. पूर्वी तांबेयुक्त औषध वापरलेल्या टाकीत शंख, कोळंबी असे जीव ठेवू नयेत, कारण तांबे त्यांना विषारी असते.

न दिसणारे कामकरी

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी आहेत, तिसरा बराच सौम्य. गोड्या पाण्यातले जिवाणू खाऱ्या पाण्यात बहुतेक टिकत नाहीत. नवी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडू नये. बहुतेक नव्या टाक्यांतील मासे याच घाईने मरतात.

हैदराबादचा उन्हाळा

क्लाउनफिशला २४ ते २७ अंश तापमान मानवते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, वीजही जाते आणि शाळेला सुट्टी असते. पंख्याने पाणी दोन-तीन अंश थंड होते, पण बाष्पीभवन वाढते. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. पाच लिटर पाणी उडाले तर ३५०० ग्रॅम क्षार ९५ लिटरमध्ये उरतात, म्हणजे लिटरमागे ३५ चे जवळजवळ ३७ ग्रॅम होतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे.

कायद्याचीही आठवण असावी

रीफ बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. दुकानात कोणी दाखवले तरी ते घेऊ नयेत. क्लाउनफिश मात्र हॅचरीत वाढवलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचे प्रजनन बंदिस्त पाण्यात यशस्वी केले आहे. आपण तेच घ्यावेत, म्हणजे समुद्रातील मासे कमी होणार नाहीत.

आमचे म्हणणे

यंदाच्या उन्हाळ्यात गोल्डफिश आहेत तिथेच राहतील. नववीच्या विद्यार्थ्यांनी रोज दुपारी दोन वाजता टाकीचे तापमान नोंदवावे. सुट्टीतील पाळ्यांची यादी आधी आमच्याकडे द्यावी. पारा वारंवार ३० अंशांच्या वर गेला, किंवा नोंदवहीत दिवस कोरे राहिले, तर टाकी गोडीच राहील. नोंदी पूर्ण असल्या आणि पाणीही थंड राहिले, तर जूनमध्ये गोल्डफिश दुसऱ्या टाकीत हलवू. त्यांना हुसेनसागरात किंवा कोणत्याही तळ्यात सोडायचे नाही, कारण परके मासे तिथल्या माशांच्या मुळावर येतात. नंतर रिकाम्या खाऱ्या टाकीत सहा आठवडे अमोनिया आणि नायट्राइट मोजू. दोन्ही शून्यावर स्थिरावले की मगच दोन छोटे क्लाउनफिश आणू.

मासा आपल्याकडे काही मागू शकत नाही. त्याच्या वतीने नोंदवहीच बोलेल.

करून पाहा : आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे असेल तर वर्षभरात किती किलो क्षार लागतील? उत्तर लिहून विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावे.